एका गाडीत बावीस दिवस

कोल्हापूर,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोहोचल्याचे तुला फोनवर कळवलेच आहे. प्रवास कसा झाला, या तुझ्या प्रश्नाला मात्र मी "छान झाला" एवढेच उत्तर देऊन वेळ मारून नेली, कारण तुझे बाबा शेजारीच बसले होते. निघण्यापूर्वी तुझे म्हणणे होते की, पासष्टी ओलांडलेल्या माणसांनी परक्या मुलखात स्वतः गाडी हाकण्यापेक्षा एखाद्या सहलीच्या बसमध्ये निवांत बसावे; आणि त्याहूनही तुला काळजी होती ती आम्ही दोघे बावीस दिवस एका गाडीत कसे राहणार याची. पहिली काळजी अनाठायी ठरली. दुसरी तितकीशी अनाठायी नव्हती, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

प्रागला गाडी घेतली आणि पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी असे करत थेट रुमानियातल्या डोंगरांपर्यंत जाऊन परत प्रागला आलो. सारे मिळून ३,२०० किलोमीटरांहून थोडे अधिक भरले. गाडी सबंध वेळ मीच चालवली. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांनी चालवणे सोडले आहे, त्यामुळे आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना माझ्या एकटीच्याच नावे काढला होता. आपल्या मारुतीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते. तिथल्या गाडीत ती डावीकडे आणि उजवीकडे वायपरची. त्यामुळे प्रागच्या विमानतळाबाहेरच्या पहिल्याच वळणावर लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरू लागले, आणि पुढचे चार दिवस मी वळणार आहे हे मागच्यांनी त्या वायपरवरूनच ओळखले असणार. बाबांची अवस्था याहून वाईट होती. आपल्याकडे जिथे चालक बसतो त्या उजव्या जागेवर ते बसलेले, आणि समोर स्टिअरिंग नाही. प्रत्येक गोल चौकात ते उजव्या पायाने पायपुसणीवर ब्रेक दाबत आणि "उजवीकडे, उजवीकडे" असे मोठ्याने बजावत. तिकडे वाहने उजव्या बाजूने जातात एवढे मला ठाऊक होते. परंतु बाविसाव्या वेळी तेच ऐकल्यावर माणसाला मुद्दाम डावीकडे जावेसे वाटते.

झेक प्रजासत्ताकातल्या, म्हणजे झेकियातल्या झ्लीन गावी थांबण्याचा हट्ट त्यांचा. जून महिन्यात शाळेच्या आधी आपण सगळेच ज्या दुकानात बूट घ्यायला जायचो आणि ज्या बाटाला जन्मभर अस्सल भारतीय समजत आलो, तो कारखाना १८९४ मध्ये या गावात सुरू झाला. तिथल्या १९३८ साली बांधलेल्या मुख्य कचेरीच्या इमारतीत मालकाचे दालनच लिफ्टमध्ये आहे: सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, आत मेज, टेलिफोन आणि हात धुण्याचे बेसिनसुद्धा. साहेबांनी जागचे न उठता ज्या मजल्यावर हवे त्या मजल्यावर दालनासकट हजर व्हायचे. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या तुझ्या बाबांना ही कल्पना इतकी भयंकर वाटली की, ते बराच वेळ त्या बेसिनकडे पाहत राहिले. संध्याकाळी त्यांनी तिथली बिअर घेतली. मला घेता आली नाही, कारण झेकियात चालकाच्या रक्तात मद्याचा अंशही चालत नाही; पुढे स्लोव्हाकिया, हंगेरी आणि रुमानिया या तिन्ही देशांत हाच नियम आहे, आणि त्याची त्यांनी मला दररोज संध्याकाळी आठवण करून दिली.

पोलंडमध्ये शिरलो ते चेशिनजवळ. या एकाच गावाची १९२० साली दोन देशांत वाटणी झाली; मधून वाहणारी ओल्झा नदी हीच सरहद्द ठरली. जुना बाजारचौक आणि गढी पोलंडकडे गेली, रेल्वे स्थानक चेकोस्लोव्हाकियाकडे. आम्ही गाडी अलीकडे लावली आणि पूल पायी ओलांडला. कोणी अडवले नाही, कागद विचारले नाहीत. कागल सोडून कोगनोळीकडे जाताना पाट्यांची लिपी बदलते म्हणून निदान काही जाणवते तरी, इथे तेवढेही नव्हते. पलीकडे गढीवर दगडी बांधणीची एक लहानशी गोल प्रार्थनावास्तू आहे. बाबांनी नुकतीच बदलून घेतलेली २० झ्लॉटींची नोट खिशातून काढली आणि तिच्या पाठीवरचे चित्र त्या वास्तूशेजारी धरून मला दाखवले: तीच ती. आपल्या पैशांवर नसलेली गोष्ट दुसऱ्याच्या पैशांवर ओळखता आली, याचा त्यांना फार आनंद झाला.

क्राकोव्हला जाण्याचे माझे कारण तुला ठाऊक आहे. तुझी आजी दहा वर्षांची असताना, म्हणजे १९४३ मध्ये, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे नेलेली ही माणसे, त्यांत बायका आणि मुलेच अधिक, इराणमार्गे इथे आली आणि सुमारे पाच हजार जण १९४८ पर्यंत राहिले. पुढे त्याच बराकींत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले आणि त्याचे गांधीनगर झाले. आजी सांगायची की, त्या बायका दूध घ्यायला येत तेव्हा हिशेब मराठीत करीत आणि भांडत त्यांच्या भाषेत. त्यांची गावे पाहावीत असे मला लहानपणापासून वाटत होते. परंतु नकाशा उघडल्यावर कळले की, त्यांतली बहुतेक गावे आज पोलंडमध्ये नाहीतच. युद्धानंतर सरहद्द पश्चिमेकडे सरकली आणि ती गावे आता युक्रेनमध्ये, बेलारूसमध्ये आहेत. म्हणजे वळिवड्याहून परत जायला त्यांना घरच उरले नव्हते. क्राकोव्हच्या घरमालकीण बाईंना मी कोल्हापूरचे नाव सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. मग भाषांतराच्या ॲपवरून सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि एकच विचारले: तिथे त्यांना खायला पुरेसे मिळत होते का? आजीच्या दुधाच्या आधारावर मी हो म्हणाले.

व्येलिच्काची मिठाची खाण पाहिली. आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघ्यांना ते कळले. आत मिठात कोरलेले अख्खे चर्च आणि मिठाच्या स्फटिकांची झुंबरे आहेत. नाझींची छळछावणी होती त्या ऑशविट्झलाही गेलो. तिथे काचेमागे रचलेल्या सुटकेसींवर मालकांनी स्वतःच्या हाताने नावे आणि पत्ते लिहिले आहेत, परत मिळाव्यात म्हणून. त्याविषयी याहून अधिक मला लिहिता येत नाही. त्या दिवशी परतीच्या वाटेवर बाबा कोणत्याही चौकात काही बोलले नाहीत.

आता भांडणाकडे येते. तिकडे मोटारींसाठी बहुतेक ठिकाणी टोलनाके नसतात. ठरावीक दिवसांचा रस्त्याचा पास आधीच ऑनलाइन घ्यायचा, आणि कॅमेरे तुमच्या गाडीचा क्रमांक वाचून तो भरला आहे की नाही ते पाहतात. काचेवर काही चिकटवायचे नसते, त्यामुळे क्रमांक बिनचूक टाकणे हेच सगळे. हे काम बाबांकडे होते. टोकाय गावी रात्री सहज पावती पाहिली, तर हंगेरीच्या पासावर शून्याच्या जागी इंग्रजी ओ हे अक्षर पडलेले. त्या दिवशीचे सगळे अंतर आम्ही बिनपासाचे कापले होते. मी म्हणाले, जन्मभर लोकांचे धनादेश एका अक्षरासाठी परत पाठवलेत आणि स्वतःच्या वेळी हे? ते म्हणाले, झेकियाच्या क्रमांकांत ओ हे अक्षर वापरतच नाहीत, तेव्हा तो शून्यच असणार हे यंत्राला कळायला हवे होते. अक्षराविषयीचे त्यांचे म्हणणे खरे निघाले, त्यामुळे तर मी अधिकच चिडले. दुसऱ्यांदा पैसे भरले, आणि टोकायपासून रुमानियातल्या ओरादेआपर्यंत गाडीत फक्त नकाशाची बाई बोलत होती. या वर्षीच्या १ जानेवारीपासून रुमानियाच्या रस्त्यावरच्या सरहद्दीवरही तपासणी उठली आहे. ती रिकामी छपरी पार केली तेव्हा दोघांनाही काही बोलावेसे वाटले होते, हे नंतर कबूल झाले. पण आधी कोणी बोलायचे?

दुसऱ्या दिवशी बिएर्तान नावाचे खेडे लागले. ट्रान्सिल्व्हेनियातल्या या टापूत बाराव्या शतकापासून जर्मन वस्ती झाली. त्यांनी गावोगाव चर्चभोवती तटबंदी बांधली, आणि १९९० नंतर त्यांतले बहुतेक लोक जर्मनीला निघून गेले. बिएर्तानच्या टेकडीवर अशी चर्चची गढी आहे. तिथल्या एका दाराचे कुलूप एका किल्लीने अनेक खिट्ट्या एकदम फिरवते, आणि ते १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले होते. परंतु आम्ही उभे राहिलो ते तटातल्या एका कोठडीपाशी. काडीमोड मागणाऱ्या जोडप्याला, सांगतात की, इथे काही आठवडे कोंडून ठेवीत: एक बिछाना, एक ताट, एक चमचा. आणि तीनशे वर्षांत म्हणे एकच काडीमोड झाला. आकडा किती खरा, ते त्या भिंतींनाच ठाऊक. ज्यांना तो हवा होता त्या बायकांना कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. बाबा त्या एका चमच्याकडे बघत म्हणाले, "आपण मेतकुटाबरोबर दोन चमचे आणले, ते बरे झाले." टोकायनंतरचे हे त्यांचे पहिले पूर्ण वाक्य. मला हसू आले आणि प्रकरण तिथेच मिटले.

त्यानंतर सिबिऊहून ट्रान्सफागाराशानवर गेलो. हा रस्ता १९७० ते १९७४ या काळात लष्कराने बांधला. १९६८ साली सोव्हिएत फौजा प्रागमध्ये घुसल्यावर आपल्यावरही तीच वेळ आली तर सैन्य डोंगरापलीकडे नेता यावे, म्हणून रुमानियाचा तेव्हाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने तो काढला. ज्या प्रागहून आम्ही निघालो होतो तिथल्या रणगाड्यांनी इथला डोंगर फोडला म्हणायचा. चित्रांत दिसतो तसा तो असेलही. आम्हाला दिसला तो वाहनांच्या शेपटीसारखा, आणि उभ्या चढाचे म्हणशील तर करूळ घाट पावसाळ्यात उतरलेल्या बाईला त्यात नवल नाही. परंतु दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवरच्या तळ्याजवळ एकाएकी धुके उतरले. पुढच्या गाडीचे लाल दिवे गेले, मग बॉनेट गेले. डावीकडून समोरची वाहने येत होती, म्हणून माझे सारे लक्ष तिकडे. उजवीकडे दरी की कडा ते मला दिसेना. बाबांनी काच खाली केली, डोके बाहेर काढले आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पाहत संथ आवाजात सांगू लागले: "उजवीकडे. थोडे उजवीकडे. बस, आता सरळ." बोगद्याच्या तोंडापर्यंत मी त्या आवाजावर गाडी चालवली. आत शिरल्यावर ते ओले डोके टिपत म्हणाले, "आता तुझे तू बघ."

परतीत बुडापेस्टला दोन दिवस होतो. तिथले लाल तिखट मी भरभरून आणले आहे. ते दिसायला आपल्या कांडपाच्या तिखटासारखे आणि चवीला चक्क गोड आहे. तेव्हा रस्सा करताना सूनबाईने फसू नये.

पुढच्या वर्षी तुम्ही दोघे याच वाटेने जाणार म्हणता, तर कागदपत्रे निळ्या फाइलीत ठेवली आहेत. गाडी परत करायची त्याच शहरात घ्या. दुसऱ्या देशात सोडण्याचा आकार ऐकून आम्ही प्रागलाच फिरलो. कोणकोणत्या देशांत गाडी नेणार ते घेतानाच लिहून द्या. रुमानियात नुसत्या द्रुतगती मार्गांनाच नव्हे, साध्या राष्ट्रीय रस्त्यांनाही पास लागतो. गाडीचा क्रमांक सूनबाईंना टाकू दे, आणि तू तपास. किंवा उलट, परंतु दोघांनी बघा. आणि चमचे दोन न्या.

काल मंडईतून येताना ताराराणी चौकात वळायला मी सवयीने डाव्या हाताची दांडी ओढली आणि कोरड्या काचेवर वायपर फिरले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त खिडकीची काच खाली करू लागले.

तब्येतीची काळजी घे. सूनबाईस आशीर्वाद.

तुझी,
आई