शर्यतीआधी घोळक्यात चालवायला शिकवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की आपल्याकडे सायकल शर्यतींचे दिवस सुरू होतात. नोकरीधंदा सांभाळून पहाटे सरावाला निघणारी माणसे आता लहान शहरांतही दिसतात, याचा मला फार आनंद आहे. पण या हौशी शर्यतींत नवख्यांना जी वागणूक मिळते, ती बघवत नाही.

बघणाऱ्याला वाटते, सायकलची शर्यत म्हणजे ज्याचे पाय मजबूत तो जिंकला. तसे नसते. सपाट रस्त्यावर ताशी 35-40 किलोमीटरच्या वेगाला बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे राहिले, तर साधारण पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून एकमेकांचे प्रतिस्पर्धीसुद्धा आळीपाळीने पुढे येतात, थोडा वेळ वारा अंगावर घेतात आणि बाजूला होऊन मागे जातात. दोन चाकांत कधी हातभरही अंतर नसते. अशा वेळी पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा, मागून गाडी आली की शेवटच्याने हाक द्यायची, पाण्याची बाटली काढताना आपली रेष सोडायची नाही, विनाकारण ब्रेक लावायचा नाही. चढावर सीटवरून उठताना सायकल क्षणभर मागे येते, तेवढ्यानेही मागच्याच्या चाकाला चाक लागून दहाजण आडवे होऊ शकतात. हे सगळे जुन्यांच्या मागे बसून, त्यांचे बोल ऐकत शिकायचे असते.

आता अनेकजण घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, सराव करून थेट शर्यतीला उतरतात. पाय तयार असतात, पण घोळका माहीत नसतो. मग त्यांच्यावर ओरडा होतो, शर्यत संपल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा उद्धार होतो आणि पुढच्या रविवारी त्यांना न सांगताच सगळे निघून जातात. चूक कुठे झाली ते कोणी समजावत नाही. चहाच्या टपरीवर गप्पा असतात त्या कार्बनच्या चाकांच्या. आंतरराष्ट्रीय शर्यतींत सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी चालत नाही. हौशी माणसाने त्या आकड्याच्या मागे लागावे, त्याची हौस आहे. पण गावच्या जत्रेत साध्या सायकलवर शर्यत मारून आलेल्या पोराकडे कोणी त्याच्या सायकलवरून बघू नये. उलट त्याला आधी हेल्मेट मिळवून द्यावे आणि आपल्या मागे घ्यावे.

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. चढावर वेग पडतो, पुढच्याच्या आडोशाचा फायदा कमी होतो आणि प्रत्येकजण आपापल्या दमावर येतो. तो मान मोठा आहे, आणि असावाच. मात्र घाटाच्या पायथ्यापर्यंत त्या राजाला घोळक्यानेच आणलेले असते.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी, करणाऱ्यांनी हे बरेच सांभाळले आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर 40 तासांत. वेळेत आलेला प्रत्येकजण यशस्वी, पहिला-दुसरा क्रमांक नाहीच. तिथे पंक्चर काढणाऱ्याजवळ लोक थांबतात. शर्यतीत थांबता येत नाही, हे मान्य. पण शेवटचा स्पर्धक यायच्या आत कमान उतरवू नये, बक्षिसे वाटून मोकळे होऊ नये, एवढे तर करता येईल. तोही तेवढेच अंतर कापून आलेला असतो, आणि बहुतेक वेळ एकट्याने वारा कापत.

आयोजकांना माझी विनंती आहे. पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी शर्यतीच्या आदल्या रविवारी दोन तासांचा घोळक्याचा सराव ठेवा आणि तो केल्याशिवाय मुख्य शर्यतीचा नंबर देऊ नका. साध्या सायकलचा गट बंद करू नका. शिकवायला माणसे नाहीत, अशी अडचण असेल तर साताऱ्यात आम्ही काही जुने सायकलपटू त्यासाठी कधीही, विनामोबदला यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक सायकलपटू वाचक, सातारा