पाडवा झाला की निघा

बॅटन रूज, लुईझियाना
५ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तिकिटं काढायच्या आधी हे पत्र नीट वाचा, कारण इथे काय बघायला मिळेल हे निम्मं तारखांवर ठरतं. यंदा पाडवा १९ मार्चला आहे. गुढी उतरवली की त्याच आठवड्यात निघा आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत फिरणं उरकू. फेब्रुवारी टाळा. १७ तारखेला मार्दी ग्रा हा इथला मिरवणुकांचा मोठा सण आहे, त्याआधीचे दोन आठवडे न्यू ऑर्लिन्समध्ये मिरवणुकांमुळे ट्रामसुद्धा मध्येच थांबतात आणि बरी खोली मिळत नाही. मे संपला की कोकणातल्यासारखा घामट उकाडा सुरू होतो. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम, त्यात ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात वाईट.

न्यू ऑर्लिन्स समजायचं तर आधी तिथलं पाणी समजून घ्यावं लागतं. आपल्याकडे नदीवर जायचं म्हणजे घाट उतरायचा. इथे नदीकडे जायला चढावं लागतं. मिसिसिपी पुरात काठ ओलांडायची तेव्हा जड गाळ काठालगतच बसायचा. शतकानुशतकं साचून काठ उंच झाला आणि मागची जमीन खोलगट राहिली. त्या उंच पट्ट्यावर फ्रेंचांनी १७१८ मध्ये गाव वसवलं, तोच आजचा फ्रेंच क्वार्टर. पुढे दलदल उपसून शहर मागे पसरलं, ती जमीन सुकत खचत गेली, आणि आज साधारण निम्मं शहर समुद्रसपाटीच्या खाली आहे. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना चक्रीवादळ आलं तेव्हा कालव्यांच्या संरक्षक भिंती फुटल्या आणि शहराचा ८० टक्के भाग बुडाला. जुना फ्रेंच क्वार्टर मात्र बहुतेक कोरडा राहिला. म्हणून पहिल्या दिवशी जॅक्सन स्क्वेअरसमोरच्या पायऱ्या चढून नदी बघायची, मग मागे वळून चौकाकडे बघायचं. बाबा, तुम्हाला उताराचा अंदाज लगेच येईल.

चौकातल्या सेंट लुईस कॅथेड्रलच्या एका बाजूला काबिल्डो आहे. १८०३ मध्ये फ्रान्सने विकलेला लुईझियाना अमेरिकेच्या ताब्यात दिला गेला तो इथेच. दुसऱ्या बाजूला प्रेस्बिटेर, तिथलं कतरिनावरचं प्रदर्शन चुकवू नका. दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा शहराची सुरुवात मंगळवारी करू.

फ्रेंच क्वार्टरचं नाव फ्रेंच, पण बांधणी बरीचशी स्पॅनिश अमलातली आहे. १७८८ आणि १७९४ च्या आगींत जुनी लाकडी घरं जळाली, तेव्हा अंमल स्पेनचा होता. त्यामुळे विटांच्या जाड भिंती, रस्त्याला लागून दार आणि आत चौक. आपल्या वाड्यांची सवय असलेल्या माणसाला ही घरं परकी वाटत नाहीत. सकाळी ८ ते ११ या वेळात फिरा. तेव्हा रस्ते धुतलेले असतात, गर्दी नसते आणि चौकांची दारं उघडी दिसतात. बर्बन स्ट्रीट दिवसा एकदा ओलांडला तरी पुरे, रात्री तिथे फक्त दारूची गर्दी असते. गाणं ऐकायचं तर फ्रेंचमेन स्ट्रीट किंवा प्रिझर्व्हेशन हॉल. हा हॉल १९६१ पासून आहे, अगदी लहान आहे, कार्यक्रम पाऊण तासाचा असतो. बाकं थोडी आहेत, तेव्हा बसायच्या जागेचं तिकीट आधीच घेऊ. त्याच्या आधी आर्मस्ट्राँग पार्कमधल्या काँगो स्क्वेअरला जाऊन या. गुलाम आफ्रिकन लोक रविवारी तिथे जमून ढोल वाजवत, नाचत. जॅझचं मूळ शोधायला त्या जागेपर्यंत जावंच लागतं.

कॅफे दु माँद १८६२ पासून चालू आहे. कॉफीत चिकोरी असते, आपल्या फिल्टर कॉफीसारखीच, त्यामुळे आईला आवडेल. सोबत बेन्ये: मैद्याचे चौकोनी, तळलेले, फुगीर, वर पिठीसाखरेचा डोंगर. गडद कपडे घालू नका आणि घास तोंडाजवळ नेताना श्वास आत घेऊ नका, साखर थेट घशात जाते.

सेंट चार्ल्सची हिरवी ट्राम १८३५ पासून धावते. आजचे डबे १९२० च्या दशकातले आहेत, बाकं लाकडी, एसी नाही, चढायला उंच पायऱ्या. आईचा गुडघा दुखत असेल तर कॅनाल स्ट्रीटची लाल ट्राम घेऊ, ती सिटी पार्कला नेते. तिथले जुने ओक आणि शिल्पांची बाग बघायला पैसे लागत नाहीत. भाडं माणशी सव्वा डॉलर, सुटे मोजून द्यावे लागतात, ड्रायव्हर उरलेले परत देत नाही. हिरवीत कॅनाल स्ट्रीटलाच चढायचं, मधल्या थांब्यांवर बसायला जागा मिळत नाही. आणि उत्तर-दक्षिण विचारू नका. नदी इतकी वळते की इथले लोक ‘नदीकडे’, ‘तळ्याकडे’ अशाच दिशा सांगतात.

सेंट लुईस स्मशानभूमी क्रमांक १ ही १७८९ ची आहे. थडगी जमिनीवर, चुन्याने रंगवलेली, लहान घरांसारखी. खाली पाणी लगेच लागतं हे एक कारण, फ्रेंच-स्पॅनिश रीत हे दुसरं. उन्हाने आतला भाग भट्टीसारखा तापतो. किमान एक वर्ष आणि एक दिवस गेल्यावर अस्थी मागे सारून त्याच थडग्यात घरातल्या पुढच्या माणसाला जागा करतात. २०१५ पासून परवानाधारक वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून सकाळची पहिली फेरी आधीच ठरवू. आत सावली नाही.

आता व्हिटनी प्लँटेशन. बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहू नये. नदीकाठाने असे मळे पुष्कळ आहेत आणि बहुतेक ठिकाणी मालकाचा बंगला दाखवतात. ओक अ‍ॅलीतली २८ ओकांची दुहेरी रांग सुंदरच आहे. पण व्हिटनीत राबणाऱ्यांची बाजू सांगतात. हे संग्रहालय २०१४ च्या डिसेंबरात उघडलं. काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर लुईझियानातल्या १,०७,००० गुलामांना वाहिलेलं स्मारक आहे, पुष्कळांचं नुसतं पहिलं नाव, कारण आडनाव नोंदवलंच गेलं नाही. एका लहान अंगणात तीन वर्षांची होण्याआधी गेलेल्या २,२०० मुलांचं स्मारक आहे. आई, तिथे थोडा वेळ बसावं लागेल.

बाबा, तिथल्या लोखंडी काहिली नीट बघा. हा उसाचाच मळा होता. काहिली मोठीपासून लहानपर्यंत ओळीने मांडत आणि उकळता रस ओगराळ्याने एकीतून दुसरीत ओतत. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. फरक थंडीचा. आपल्याकडचा गाळप हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. इथे हिम पडलं की उभ्या उसातला रस नासतो, म्हणून तोडणी आणि गाळप ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्यातच उरकावं लागे, रात्रंदिवस, पाळ्या लावून. झोप नसलेल्या माणसांचे हात चरकात जात, अंगावर रस सांडे. उसाच्या या पट्ट्यात गुलामांमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा अमेरिकेतली गुलामी कायद्याने संपून आठच वर्षं झाली होती. त्या अर्पणपत्रिकेमागचं वास्तव इथे डोळ्यांसमोर येतं.

व्हिटनीला मंगळवारी सुट्टी असते. दोन-अडीच तास मोकळ्या जागेत चालायचं असतं, म्हणून टोपी, पाणी आणि सकाळची वेळ.

जेवणाचं आईसाठी स्पष्ट लिहितो. इथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की काही ठिकाणी फक्त मांसाचे तुकडे काढून देतात. रेड बीन्स अँड राइस दिसतो राजमा-भात, पण त्यात डुकराचं हाड किंवा सॉसेज शिजलेलं असतं. तळलेली भेंडी मागवली तर कोळंबी तळलेल्याच तेलातून येते. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या: मांस आहे का, रस्सा कशाचा आहे, तेल वेगळं आहे का.

गंबो म्हणजे इथला भातावर घ्यायचा दाट रस्सा, तो बाहेर खाऊच नकोस, घरी करू. हा शब्दच आफ्रिकेतल्या भाषांमधून, भेंडीच्या नावावरून आला आहे. जाड बुडाच्या पातेल्यात एक वाटी तेल, एक वाटी मैदा. मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटं सपाट उलथन्याने सतत ढवळायचं, रंग तांबूस होऊन शेवटी चॉकलेटसारखा झाला पाहिजे. फोन आला तरी हात थांबवायचा नाही. काळे ठिपके दिसले की जळलं, मग सगळं टाकून नव्याने सुरू करायचं, कारण तो कडूपणा पुढे कशानेच जात नाही. रंग आला की लगेच चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची घालायची. त्यांच्या पाण्यामुळे पुढचं करपणं थांबतं. मग भाज्यांचं गरम पाणी थोडं थोडं करत सात-आठ वाट्या. अर्धा किलो भेंडी वेगळ्या कढईत तार जाईपर्यंत परतून घ्यायची आणि सगळं तासभर उकळायचं. सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड घालायची असेल तर गॅस बंद केल्यावरच, उकळली तर तारा सुटतात. भातावर वाढायचं.

बाबा, तुमच्यासाठी क्रॉफिश. शेवंडाची गोड्या पाण्यातली लहान आवृत्ती समजा. भात कापला की त्याच खाचरांत पाणी सोडून हे वाढवतात, आणि मार्च-एप्रिल हा ऐन हंगाम. माणशी दीड-दोन किलो ऐकून घाबरू नका, बहुतेक कवचच असतं. शेपूट पिळून सोलायची, हात साबणाने दोनदा धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही. कच्चे ऑयस्टर मात्र नकोत. तुम्हाला मधुमेह आहे आणि त्यांतल्या जंतूंचा धोका अशा माणसांना जास्त असतो. भाजलेले खा.

अचाफलायाच्या दलदलीत जायला पंख्याची होडी नको, तिच्या आवाजाने पक्षी उडून जातात. सपाट तळाच्या साध्या होडीतून दोन तास. मगरी उन्हाला येतात ते हवा तापल्यावर, म्हणून ही फेरी सकाळी दहानंतर, आणि थंडीची लाट असेल तर पुढे ढकलू. पाण्यातून वर आलेले सुळके म्हणजे सायप्रसची मुळं, ‘गुडघे’ म्हणतात त्यांना. फांद्यांवरच्या करड्या जटा शेवाळ नाहीत, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, झाडाचं काही खात नाही.

एव्हरी आयलंडला एक दिवस देऊ. ते बेट नसून मिठाच्या खडकाने वर उचललेली टेकडी आहे. १८६८ पासून टाबॅस्को हा तिखट सॉस तिथेच होतो: वाटलेली लाल मिरची, मीठ, ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवण, पिंपाच्या झाकणावर मिठाचा थर. शेजारच्या बागेत तळ्यावर बगळ्यांची वसाहत आहे, मार्चपासून घरटी सुरू होतात. पॉव्हर्टी पॉइंट इथून चार तासांवर, वर उत्तरेला आहे. ३,४०० वर्षांपूर्वी शेती न करणाऱ्या लोकांनी टोपल्यांनी माती वाहून उभारलेले बांध आणि टेकाड. बाबांना उत्साह असेल तरच.

सामानात रुळलेले बूट हवेत. ओकच्या मुळांनी इथले पदपथ उखडलेले असतात, नव्या चपलांनी पाय मुरगळतो. एक स्वेटर, तो आतल्या एसीसाठी. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. अमेरिकेतल्या पहिल्याच विमानतळावर सामान उचलून पुन्हा जमा करावं लागतं, म्हणून पुढच्या विमानाला किमान तीन तास ठेवा. मेतकूट, मसाले आणा, पण फॉर्मवर किंवा तोंडी ‘खाद्यपदार्थ आहेत’ असं सांगा. हापूसची पेटी आणू नका, ताजी फळं तिथेच काढून घेतात.

तारखा कळवा, म्हणजे व्हिटनी, स्मशानभूमी आणि होडी या तिन्हींची तिकिटं इथून काढतो.

तुमची,
आम्ही दोघं