मंत्रीसाहेब, पारध्यांचा १९५० चा पुरावा सरकारच्याच कपाटात आहे

प्रति,
मा. आदिवासी विकास मंत्री, मंत्रालय, मुंबई

साहेब नमस्कार,

मी एका तालुक्याच्या गावात महा ई-सेवा केंद्र चालवतो. लोक अजून सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, महाडीबीटीचे म्हणजे स्कॉलरशिपचे फॉर्म, दिवसभर हेच. जून-जुलैत तर जेवायला फुरसत नसते. त्या गर्दीत दरवर्षी फासेपारध्यांची काही पोरं येतात आणि त्यांचं काम बाकीच्यांसारखं कधीच होत नाही. का होत नाही ते सांगायला हे पत्र असं उघड लिहितोय, कारण टपालानं निवेदन पाठवलं की आवक नंबर मिळतो आणि विषय तिथंच संपतो.

फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, म्हणजे थेट तुमच्या खात्याची माणसं. आश्रमशाळा, वसतिगृह, नामांकित इंग्रजी शाळेची योजना, नोकरीत आरक्षण, कागदावर सगळं आहे. पण या प्रत्येक ठिकाणी आधी जातीचा दाखला मागतात आणि दाखल्यासाठी मागतात ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवासाचा पुरावा. आता ज्याच्या आज्याला घर नव्हतं शेत नव्हतं, ज्याच्या बापानं शाळेची पायरी चढली नाही, जो आज गायरानात पाल ठोकून राहतो आणि उद्या गावानं उठवलं तर तेही राहणार नाही, तो माणूस ७५ वर्षांपूर्वीचा सातबारा आणणार कुठून? कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, नाव नाही, कारण जन्म गावात झालाच नाही, गावानं वेशीच्या आत घेतलंच नव्हतं. मग अर्जाला त्रुटी लागते. त्रुटी काढायला पुन्हा तोच पुरावा. त्यात आणखी एक गंमत म्हणजे राजपारधी आणि पालपारधी हे अनुसूचित जमातीत नाहीत, विमुक्त जाती अ या वेगळ्या यादीत आहेत, तिथं तारीख वेगळी, २१ नोव्हेंबर १९६१. कोण कुठल्या यादीत हे मलाच पहिल्यांदा यादी उघडून बघावं लागलं होतं, पालावरच्या बाईला कोण सांगणार? पहिलीत मास्तरांनी रजिस्टरला जे लिहिलं ते पोराच्या गळ्यात जन्मभर.

बरं यांच्या जुन्या नोंदी नाहीतच असं पण नाही ना. इंग्रजांनी १८७१ साली अख्ख्या जमातीलाच गुन्हेगार धरणारा गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ च्या नव्या कायद्यानं तो आपल्याकडं पण लागू झाला, आणि या लोकांची नावनिशीवार रजिस्टरं झाली, पोलिसांपुढं हजेरी आली, मुक्कामाबाहेर जायचं तर पास लागायचा, बोटांचे ठसे पण घेत. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली, त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. पोरांना आईबापापासून काढून सुधारशाळेत टाकायची तरतूद पण १९११ च्या कायद्यात होती, म्हणजे बघा, तेव्हा सरकारला पारध्याचं पोर शाळेत न्यायला कुठला दाखला लागला नाही! देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. म्हणजे ज्या १९५० च्या आधीचा पुरावा आपण मागतो त्या काळात कुठल्याही पाटलापेक्षा पारध्याची नोंद सरकारनं जास्त बारकाईनं ठेवलेली होती. फक्त ती महसूल खात्याकडं नव्हती, पोलिसांकडं होती.

मग माझं म्हणणं एवढंच आहे की ते दप्तर काढा. ठाण्यातली जुनी रजिस्टरं, सेटलमेंटचे कागद, जेलच्या नोंदी, अभिलेखागारात जे शाबूत असेल ते स्कॅन करा आणि पुरावा म्हणून धरा. हे अवघड आहे असं कृपा करून म्हणू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, मोडी वाचणारी माणसं बसवली, निजामकाळातल्या कागदांसाठी हैदराबादपर्यंत गेले. चांगलं केलं, त्या दिवसांत माझ्या केंद्राबाहेर पण रांग होती. पण मग सरकारला ठरवलं की शोधता येतं हे सिद्ध झालं ना? मोर्चा काढायची ताकद नाही म्हणून पारध्यानं स्वतःच शोधायचं का? आणि जिथं कागद वाळवीनं खाल्लेत तिथं प्रांतसाहेबांनी पालावर माणूस पाठवून गृहचौकशी करावी, नातेवाईक विचारावेत, बोली ऐकावी, एक दिवसाचं काम आहे.

शाळेचं सांगायचं तर शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं त्यात सरळ लिहिलंय. नाकारत नाहीत पण. पुढच्या वर्षी या म्हणतात, नाहीतर आधार आणा म्हणतात. आणि बसवून घेतलं तरी वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की पहिलं दप्तर कुणाचं तपासतात ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. ज्यांनी करायचं ठरवलं त्यांनी केलंय. तुळजापूरजवळ यमगरवाडीत भटक्या-विमुक्तांच्या पोरांची शाळा झाली, ठाण्यात तीन हात नाक्यावर पुलाखाली सिग्नल शाळा २०१६ ला सुरू झाली, अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची नोकरी सोडून प्रश्नचिन्ह ही शाळा काढली. आणि त्याच शाळेच्या वर्गखोल्या आणि विहीर समृद्धी महामार्गात गेली. रस्त्याला माझा विरोध नाही हो, पण लहान पोरांचा वर्ग पाडायच्या आधी दुसरा बांधून देता आला नसता का?

आता नोकरी. पारध्यांची आडनावं भोसले, पवार, काळे, चव्हाण, शिंदे. त्यामुळं नाव ऐकून कुणाला काही कळत नाही, मुलाखत चांगली होते. कळतं ते आधारवरच्या पत्त्यावरून. वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला पण लोकांच्या कार्डावर अजून पारधी वस्तीच छापलेली दिसते. एका पोराचा फॉर्म मीच भरला होता, बारावी पास, सिक्युरिटी गार्डची जागा होती. कागद बघितल्यावर कळवतो म्हणाले. कळवलं नाही. चारित्र्य पडताळणीचा अर्ज केला तर तो पण लटकला, पोराच्या नावावर एक पण केस नाही, पण चुलत्याला कधीतरी संशयावरून उचलला होता म्हणे. चुलत्याचं चारित्र्य पुतण्याच्या अर्जात कशाला?

संशयाचं काय होतं ते सुप्रीम कोर्टात पण दिसलंय. जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या एका प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली आणि मग मार्च २०१९ मध्ये त्याच कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला राज्याला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोर्टानं तुरुंग नियमावल्यांतल्या जातीवाचक तरतुदी काढायला लावल्या, विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजण्यावर पण कडक बोललं. तुरुंगात हे चालत नाही तर कंपनीच्या गेटवर कसं चालतं?

खरं सांगायचं तर चालतं, कारण सरकारी नोकरीला संविधानाचं कलम १६ आहे, खासगीत जातीवरून नाकारलं तर दाद मागायला धड कायदाच नाही. युरोपात रोमा लोक आहेत, जिप्सी म्हणतात ते. त्यांची भाषा मुळात आपल्याकडची, आणि नशीब पण पारध्यांसारखंच, चोर म्हणून शिक्का. तिथं २००० सालापासून युरोपीय युनियनचा नियम आहे की नोकरी, शिक्षण, घर कशातच वंशावरून भेद करता येत नाही, खासगी मालकाला पण नाही. चेक देशातल्या ऑस्ट्राव्हा शहरात रोमा पोरांना मतिमंद मुलांच्या शाळेत ढकलत होते, त्यांतली १८ मुलं मानवी हक्क न्यायालयात गेली आणि २००७ ला जिंकली. निकालानं सगळं सुधारलं असं नाही, तिथं अजून रडगाणं चालूच आहे. पण निदान जायला एक दार होतं. आमच्या बारावी पास पोरानं कुठं जायचं ते मला सांगता आलं नाही.

भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राचे आयोग तर दोन झाले, रेणके आयोगाचा अहवाल २००८ चा, इदाते आयोगाचा २०१७ चा, दोघंही अध्यक्ष आपल्याच महाराष्ट्रातले. तिसरा नको. मला फक्त एक परिपत्रक पाहिजे, येत्या मे च्या आत, म्हणजे जूनचे प्रवेश सापडतील. पोलीस आणि सेटलमेंटच्या जुन्या नोंदी जातीच्या दाखल्याला चालतील, कागद नसेल तर गृहचौकशी करायची जबाबदारी अधिकाऱ्याची, तोपर्यंत पोराचा प्रवेश आणि स्कॉलरशिप अडवायची नाही, आणि चारित्र्य पडताळणीत अर्जदार सोडून नातेवाइकांचं काही बघायचं नाही. शेवटचं गृहखात्याचं आहे माहितीय, पण तुम्ही एकाच कॅबिनेटमध्ये बसता.

पोर्टलवर पुराव्याच्या यादीत तेवढा एक ऑप्शन वाढवायला लागेल, नाहीतर परिपत्रक निघूनही आमच्याकडं अपलोड होणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नेहमी तिथंच अडतं.

आपला,
एक सेतूवाला