थकव्याची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत जुन्या औषधांच्या नव्या उपयोगाविषयी अधूनमधून मजकूर येतो, आणि तो छापून आला की आमच्या भागातली दोन-तीन माणसे तरी कात्रण घेऊन माझ्याकडे येतात, कारण मी स्वतः गेली अडीच वर्षे असे एक औषध घेते आहे हे गावाला ठाऊक आहे. त्यांना जे तोंडी सांगते ते सविस्तर लिहावे, म्हणून हे पत्र. एका आजारासाठी निघालेली गोळी दुसऱ्या आजारासाठी दिली जाते तेव्हा रुग्णाला काय जाणवले याची रीतसर नोंद आमच्याकडे कुठेही होत नाही. गुण आला तर त्याची पारावर गोष्ट होते आणि अपाय झाला तर तो नशिबाच्या खात्यात जमा होतो. ही नोंद ग्रामीण रुग्णालयांतून सुरू व्हावी, अशी माझी मागणी आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. एप्रिल २०२१ मध्ये मला कोरोना झाला. ऑक्सिजन लावावा लागला नाही, पंधरा दिवसांत ताप, खोकला सगळे गेले, पण अंगातले बळ परत आले नाही. सकाळी अंगण झाडले की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसे, आणि पाहुण्यांशी तासभर बोलले तरी डोके असे जड होई की साधी बेरीज चुकत असे. रक्त, साखर, थायरॉइड सगळे ठीक निघाल्यावर आधी वयाचे कारण सांगितले गेले, मग सलाईनच्या बाटल्या लागल्या, मग घरातल्यांनाही वाटू लागले की बाईंना आता काम नको झाले आहे. दीड वर्षाने नागपूरच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी आजाराचे नाव सांगितले : मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ पासून हा आजार मज्जासंस्थेच्या विकारांत धरलेला आहे, आणि थोड्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोसळणे ही त्याची मुख्य खूण आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी आजवर एकही औषध मंजूर केलेले नाही, त्यामुळे दुसऱ्या आजारांची औषधे अजमावून पाहण्याशिवाय डॉक्टरांपुढेही फारसा मार्ग नसतो.

मला जे औषध मिळाले ते नाल्ट्रेक्सोन. अफूजन्य पदार्थांचे व्यसन सोडवण्यासाठी अमेरिकेत १९८४ मध्ये ते मंजूर झाले आणि दारूच्या व्यसनासाठी १९९४ मध्ये. त्या कामासाठी रोज ५० मिलिग्रॅम देतात, मला मात्र दीड मिलिग्रॅमपासून सुरुवात करून साडेचारपर्यंत नेले. इतक्या कमी मात्रेत ते मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींचा दाह शमवत असावे, असा तर्क आहे. गोळी ५० मिलिग्रॅमचीच हातात पडली, म्हणून रुग्णालयातल्या औषधनिर्मात्याने शिकवल्याप्रमाणे ती ५० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवून, बिनसुईच्या सिरिंजने मोजून, मी रात्री घेत असे. त्या बाटलीवर नातवाने लाल अक्षरांत ‘आजीचे औषध, हात लावू नये’ असे लिहून ठेवले होते. उन्हाळ्यात वीज सहा-सहा तास जाते, तेव्हा फ्रिजमधले ते पाणी चांगले राहिले असेल की नाही, या काळजीने मी किती बाटल्या ओतून दिल्या असतील! पहिल्या आठवड्यात स्वप्ने इतकी स्पष्ट पडत की मध्यरात्री उठून बसावे लागे. तिसऱ्या महिन्यानंतर मात्र अंगण झाडूनही दुसऱ्या दिवशी उठता येऊ लागले.

हा गुण औषधाचाच, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. याच काळात मी दुपारी दोन तास पडून राहण्याची शिस्त लावून घेतली होती आणि आजार होऊन बरेच महिने लोटले होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॅरेड यंगर यांनी फायब्रोमायल्जिया, म्हणजे सर्वांगदुखी आणि थकव्याच्या आजाराच्या ३१ स्त्रियांवर हेच औषध तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषधाने वेदना सुमारे २९ टक्के कमी झाल्या होत्या, पण औषधासारख्या दिसणाऱ्या रिकाम्या गोळीनेही त्या १८ टक्के कमी झाल्या होत्या. पुढे २०२४ मध्ये डेन्मार्कमधल्या ९९ स्त्रियांवरील चाचणीत वेदनेच्या बाबतीत औषध आणि रिकामी गोळी यांत ठोस फरक दिसला नाही. कात्रण घेऊन येणाऱ्यांना मी हे दोन्ही आकडे सांगते. पुष्कळांची त्यावर निराशा होते, पण ते लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्याकडे तिचा धोका मोठा आहे. गेल्या वर्षी ओसरीच्या पायरीवरून पडून माझे मनगट मोडले. रात्रीचे औषध घेऊन दोन तास झाले होते. दवाखान्यात ट्रॅमाडॉलचे इंजेक्शन दिले गेले, तरी मी पहाटेपर्यंत कण्हत होते. नाल्ट्रेक्सोन हे अफूवर्गीय वेदनाशामकांचा परिणामच अडवते, आणि ट्रॅमाडॉल त्याच वर्गातले आहे. अशा वेदनाशामकांची ज्याच्या शरीराला सवय झाली आहे त्याने नाल्ट्रेक्सोन घेतले तर एकाएकी जीवघेण्या यातनाही होऊ शकतात. त्या रात्री मला कोणी विचारले नाही आणि मलाही सांगायचे सुचले नाही. तेव्हापासून औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी मी पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवते.

माझ्या घरामागच्या वस्तीत कापूस वेचणीला जाणारी एक बाई आहे. चिकनगुन्या होऊन गेल्यानंतर तिचे सर्वांग दुखणे आणि थकवा गेलाच नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे तिचा थकवा दर संध्याकाळी काट्यावर दिसतो, आणि मजुरीत घोळ होऊ नये म्हणून ती स्वतःच्या वहीत रोजचा आकडा लिहिते. आजारापूर्वीच्या पानांवर चाळीस, बेचाळीस, पंचेचाळीस असे किलो आहेत. आजारानंतरच्या पानावर एक दिवस अठरा, मग दोन दिवस कोरे, मग पंधरा, मग पुन्हा तीन दिवस कोरे. मी डॉक्टरांपुढे अर्धा तास बोलून जे समजावू शकले नव्हते ते त्या एका पानावर स्वच्छ लिहिलेले होते. तिला ग्रामीण रुग्णालयातून रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी मिळाली. हे मूळचे नैराश्यावरचे औषध, पण नसांच्या वेदना, अर्धशिशी आणि असल्या अंगदुखीवर ते कमी मात्रेत देतात. मेडिकलमध्ये कोणीतरी ‘ही डोक्याची गोळी आहे’ एवढेच म्हणाले आणि घरी येताच नवऱ्याने ती पाकिटासकट उकिरड्यावर फेकली. गोळी कशासाठी आहे, तोंड कोरडे पडेल, सकाळी गुंगी राहील, हे मराठीत लिहिलेले चार ओळींचे कागद त्या पाकिटाबरोबर असते तर तिचा महिना वाया गेला नसता. आता चार महिन्यांपासून ती गोळी घेते आहे, आकडे पंचवीस-अठ्ठावीसवर आले आहेत आणि कोरे दिवस कमी झाले आहेत. अर्थात, पहिल्या वेचणीला झाड फुटलेले असते आणि फरदडीला, म्हणजे हंगाम संपल्यावर ठेवलेल्या कपाशीला, हाताला काही लागत नाही, तेव्हा त्या आकड्यांतले तिचे किती आणि कपाशीचे किती, हे जाणत्या माणसाने बसून पाहिले पाहिजे. पण पाहायला आधी वही तर हवी.

शेजारच्या गावातल्या एका काकाजींचा अनुभव याच्या उलट आहे. त्यांना कंपवात (पार्किन्सन) आहे आणि त्यावर अमँटाडिन चालू आहे. काही महिन्यांनी त्यांच्या पोटऱ्यांवर जांभळट जाळी उमटली. घरच्यांना ती करणी वाटली, आणि नंतर, गोळीमुळे असेल असे कोणी सुचवताच, त्यांनी गोळी एका दिवसात बंद केली. चौथ्या दिवशी काकाजी लाकडासारखे ताठ झाले आणि गाडी करून यवतमाळला न्यावे लागले. अशी जाळी हा त्या औषधाचा सर्वपरिचित परिणाम आहे, आणि औषध अचानक थांबवणे त्या जाळीहून कितीतरी अधिक घातक आहे. हे त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते.

याच अमँटाडिनचा इतिहास या पत्राच्या विषयाला नेमका लागू पडतो. १९६६ मध्ये ते अमेरिकेत फ्लूच्या प्रतिबंधासाठी मंजूर झाले. १९६८ मध्ये कंपवाताच्या एका ५८ वर्षांच्या बाईने फ्लू होऊ नये म्हणून ते घेतले आणि बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट श्वाब यांना येऊन सांगितले की त्या काळात तिचा ताठरपणा आणि कंप कमी झाला होता आणि गोळी थांबवल्यावर तो परत आला. डॉक्टरांनी तिचे बोलणे ऐकले, लिहून ठेवले, इतर रुग्णांवर तपासले आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. काकाजींच्या हातावर आज ती गोळी पडते ती त्या बाईच्या सांगण्यामुळे. मात्र हेच अमँटाडिन मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारातल्या थकव्यासाठी वर्षानुवर्षे दिले जात होते, आणि २०२१ मध्ये १४१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली तेव्हा ते रिकाम्या गोळीहून सरस ठरले नाही.

नॉर्वेतल्या बर्गेन येथील रिटुक्सिमॅब या कर्करोगावरच्या औषधाची हकिकत तर आमच्या भागातल्या प्रत्येक सलाईनवाल्या डॉक्टरांनी वाचावी अशी आहे. कर्करोगासाठी दिलेल्या उपचारांनंतर एका रुग्णाचा जुना थकवा उतरल्याचे डॉ. फ्लूगे आणि डॉ. मेला यांच्या लक्षात आले. २०११ मधल्या, माझ्याच आजाराच्या ३० रुग्णांच्या अभ्यासात या औषधाने आशादायक गुण दिसला आणि जगभरचे रुग्ण त्याकडे डोळे लावून बसले. २०१९ मध्ये १५१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. औषध मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांना बरे वाटले आणि औषध न घातलेले सलाईन मिळालेल्यांपैकी ३५ टक्क्यांना. ‘कमजोरी आहे, एक बाटली लावा’ असे म्हणत पाचशेची नोट पुढे करणाऱ्या आमच्या मजूर बायांना बाटलीनंतर दोन दिवस बरे वाटते, ते खोटे नसते. पण त्या बरे वाटण्याचे श्रेय बाटलीतल्या द्रवाला देता येत नाही, हे त्या दोन आकड्यांतून दिसते. ज्या डॉक्टरांनी पहिली आशा दाखवली त्यांनीच हा उलट निकालही प्रसिद्ध केला, याचा मला फार आदर वाटतो.

विदर्भाला जुन्या औषधाचा नवा उपयोग अपरिचित नाही. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोरांना दिले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया हे मूळचे कर्करोगाचे औषध आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आणले आणि १९९८ मध्ये तेथे त्याला सिकलसेलसाठी मंजुरी मिळाली. थकव्याच्या आजारांसाठी अशा मोठ्या चाचण्या फार थोड्या झाल्या, कारण पेटंट संपलेल्या स्वस्त औषधावर पैसा घालण्यात कंपनीला लाभ दिसत नाही. तो खर्च सार्वजनिक निधीतूनच व्हायला हवा, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यात लक्ष घालावे अशी माझ्यासारख्या अनेकांची अपेक्षा आहे.

तोपर्यंत तालुका पातळीवर जे होऊ शकते ते फार खर्चाचे नाही. औषध मूळ मंजुरीबाहेरच्या आजारासाठी दिले असेल तर ते का दिले, किती काळ द्यायचे, काय त्रास होऊ शकतो आणि एकाएकी थांबवले तर काय होईल, एवढे मराठीत लिहिलेली चिठ्ठी रुग्णाला मिळावी. आशाताई गरोदर बायांच्या नोंदी ज्या काळजीने ठेवतात तशीच महिन्याला एक ओळ अशा रुग्णांचीही ठेवावी, मात्र त्या कामाचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. औषधाचा अपाय रुग्ण स्वतः कळवू शकतो, हे तर आमच्या भागात जवळजवळ कोणालाच माहीत नाही. २०१० पासून देशात औषध-सतर्कता कार्यक्रम चालू आहे आणि त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. तो प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. आपणही, महोदय, गुण आलेल्यांच्या मुलाखतींइतकीच जागा गुण न आलेल्यांना आणि अपाय झालेल्यांना द्यावी, ही विनंती.

वेचणीवाल्या बाईची वही सध्या तिच्या संमतीने माझ्याकडे आहे. तिच्या छायाप्रती आणि माझ्या अडीच वर्षांच्या नोंदी मी एका पाकिटात घालून ठेवल्या आहेत. नागपूर, यवतमाळ किंवा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील ज्या कोणास त्या तपासायच्या असतील त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी स्वतः एसटीने आणून देईन. फक्त तारीख दोन दिवस आधी कळावी, म्हणजे आदला दिवस मला झोपून काढता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ