माईंच्या डब्यातले रुपये

प्रिय माले,

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही, रागावली असशील. गुडघा ठीक, साखर आटोक्यात. आता मुद्द्यावर येते, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. भाऊ माईंच्या पितळी डब्यातले रुपये मोडायला निघालाय. सतराच्या सतरा आटवून पूजेचा तांब्या करायचा म्हणतो. येत्या शनिवारी सराफाकडे जाणार आहे. तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो.

त्याचं म्हणणं, चांदी ती चांदी. बरं, चांदीचाच हिशेब धरू. 1835 नंतरचा बंदा रुपया म्हणजे नेमका एक तोळा, 11.66 ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. झिजलेल्यात थोडी कमी. पण 1940 ते 1945 च्या राजाछाप रुपयात चांदी निम्मीच, वजन मात्र तेवढंच! ते वेगळे न काढता एकत्र तोलले तर भावच ठरत नाही. ओळखायची खूण कडेला आहे: दात्यांच्या मधोमध एक खोबणी फिरवलेली असते, नखाला लागते.

शंका वाटली तर पाण्यात तोलावा. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचा, पण तळाला टेकवायचा नाही. जुन्या, न झिजलेल्या चांदीच्या रुपयाला काटा 1.13 च्या आसपास दाखवतो, निम्म्या चांदीच्या रुपयाला 1.22 च्या. बुडबुडा चिकटला किंवा नाणं पेल्याला लागलं की आकडा चुकतो, म्हणून दोनदा करावं. नुसत्या वजनाला फसवता येतं, याला सहज नाही.

पण माझा जीव अडकलाय तो 1911 च्या रुपयात. आठवतं? तू भिंग लावून म्हणालीस, ‘राजाच्या छातीवर डुक्कर आहे,’ आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. खरं तुझंच होतं गं. पंचम जॉर्जच्या झग्यावर एका मानचिन्हाची साखळी आहे आणि तिच्यात हत्ती कोरलाय. 1911 च्या साच्यात त्याची सोंड इतकी आखूड नि पाय इतके बुटके आले की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजात नाराजी उसळली. सुमारे 94 लाख रुपये पाडले होते, त्यांतले जेमतेम 7 लाख लोकांच्या हाती गेले, उरलेले वितळवले. 1912 पासून सोंड लांब नि स्पष्ट झाली. एवढाच बोटभर फरक, पण त्यात एका वर्षाची सगळी गोष्ट आहे. त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूच्या वेलीत इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचं काटेरी थिसल, आयर्लंडचं शॅमरॉक आणि आपलं कमळ एकत्र गुंफलंय. आपलं फूल त्यांच्या माळेत ओवून राज्य कुणाचं ते सांगितलंय. असलं नाणं मुशीत घालायचं?

बाकीचे रुपयेही एका मापाचे नाहीत. व्हिक्टोरिया राणीच्या नावापुढे ‘क्वीन’ आहे की ‘एम्प्रेस’, ते पाहायला सांग. 1877 सालच्या दिल्ली दरबारात ती सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, नाण्यावरही तसंच आलं. 1862 सालचा रुपया मात्र सालावरून कळत नाही, कारण 1874 पर्यंत तेच साल छापत राहिले. मुंबईच्या टाकसाळीतल्या नाण्यांत सालाजवळचे ठिपके मोजतात, त्यावरून नाणं कुठल्या वर्षीचं ते लावतात. सातवा एडवर्ड उघड्या डोक्याचा, मुकुट मागच्या बाजूला. आणि 1939 दिसला तर हुरळून जायचं नाही. तो दुर्मीळ आहे, म्हणूनच 1938 मधल्या 8 चा 9 करतात. भिंगाखाली आकड्याभोवती खरवडल्याच्या रेषा दिसतात, किंवा 9 ची शेपटी शेजारच्या 3 च्या वळणाशी जुळत नाही.

आणि मुख्य म्हणजे सुनेला सांग, चिंच नि रांगोळी लांब ठेव. काळपट थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकानं चांदीवर चढलेला पापुद्रा आहे तो, आणि जाणकार तोच बघून घेतात. घासलं की बारीक ओरखडे पडतात, राजाचे केस नि हत्तीची सोंड आधी गुळगुळीत होते, आणि किंमत चांदीवर येऊन पडते. चिकट काही लागलं असेल तर ॲसिटोनमध्ये बुडवून ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात धुवावं, मऊ कापडावर टिपावं, पुसू नये. प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्याही नकोत, हिरवट चिकटा धरतो. प्रत्येकाला गंधक नि आम्ल नसलेल्या कागदाचा लिफाफा पुरे. माळेत ओवलेले तीन आहेत, त्यांना कडी डागलेली आहे. ते घाल म्हणावं तांब्यात. वरचा डाग काढला तरी जागा दिसतेच, संग्राहक फारसे देत नाहीत.

तुझ्या धाकटीचा निकाल लागला का? घराचं रंगकाम संपलं असेल. सासूबाईंना नमस्कार.

भाऊला गुरुवारी रात्री फोन कर, जेवण झाल्यावर तो ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. 1911 चा रुपया डब्यात तळाशी आहे, लाल चिंधीत.

तुझी,
कुमुद