चेंडू मोजायची वही

विश्रामबाग, सांगली
२४ ऑगस्ट

चि. तेजस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, “विनोद कांबळीचं नक्की काय बिनसलं?” दोन मिनिटांत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून लिहितोय. लोक एका वाक्यात मोकळे होतात, डोक्यात हवा गेली. त्यात तथ्य असेलही, पण तुला त्याचा उपयोग काय? हवा गेली की नाही हे सकाळी उठून आरशात दिसत नाही. मला तुझ्यासारख्या वेगवान बोलरसाठी असं काहीतरी हवंय, जे मोजता येईल.

आधी आकडे बघ. पहिल्या ७ कसोट्यांत कांबळीच्या ७९३ धावा, सरासरी ११३. त्यात १९९३ साली वानखेडेवर २२४ आणि लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला २२७. पुढच्या १० कसोट्यांत मिळून २९१. शेवटची कसोटी नोव्हेंबर १९९५ मध्ये, वय २३. आता या आकड्यांच्या शेजारी मैदानं मांड. त्या पहिल्या सातही कसोट्या भारतात आणि श्रीलंकेत झाल्या होत्या. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडीज आले आणि त्यांचा वेगवान बोलर वॉल्शने बरगड्यांच्या रोखाने आखूड चेंडू टाकायला सुरुवात केली, तेव्हा अडचण सगळ्यांना दिसली. ती त्या दिवशी जन्माला आली नव्हती. आधीही होतीच, पण द्विशतकं होत असताना ती शोधायला कोण बसणार?

लेगस्पिनर नरेंद्र हिरवाणीचंही तसंच. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला पदार्पणातच १३६ धावांत १६ बळी. पहिल्या चार कसोट्या मायदेशी, त्यांत ३६ बळी. नंतरच्या १३ कसोट्यांत ३०. लक्ष्मण शिवरामकृष्णन १७ व्या वर्षी कसोटी खेळला, १९८४ मध्ये मुंबईत इंग्लंडचे १२ गडी बाद केले आणि विसाव्या वर्षी त्याची कसोटी कारकीर्द आटोपली. एकूण कसोट्या ९. या तिघांत प्रतिभा कमी होती असं कोणी म्हणू शकणार नाही. मला त्यांच्यात दिसतं ते एवढंच, की यश लवकर आलं आणि त्या यशाखाली काय राहून गेलं ते वेळेत कुणी उघडून पाहिलं नाही. तुझ्या यशाखाली काय झाकलं जातंय, ते आपण आत्ताच पाहू.

पहिली गोष्ट तुझी उंची. सोळाव्या वर्षी ५ फूट ११ इंच. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात, तो हाडांचं वय पाहण्यासाठी. जन्मतारीख तीच असली तरी हाडं वर्ष-दीड वर्ष पुढे असू शकतात. तुझी पुढे आहेत. म्हणजे समोरचा पोरगा अजून वाढायचा आहे आणि तुझी वाढ बरीचशी होऊन गेली आहे. तुझा चेंडू त्याला उशिरा दिसतो, बॅट खाली येईपर्यंत यष्टी उडते. अठराव्या वर्षी तोच पोरगा तुझ्याएवढा होईल, मनगटात ताकद येईल आणि हाच चेंडू तो मिडविकेटला भिरकावेल. चौदा-सोळाच्या संघात गाजलेले कितीतरी वेगवान बोलर एकोणिसाला दिसत नाहीत, त्याचं मोठं कारण हे. त्यांचा वेग कमी झालेला नसतो, बाकीच्यांनी त्यांना गाठलेलं असतं आणि वेगाशिवाय हातात काही नसतं.

म्हणून विकेट किती मिळाल्या हे मला आता सांगू नकोस. त्याऐवजी आठवड्यातून एकदा २४ चेंडूंची परीक्षा घे. फलंदाजाच्या बाजूला पॉपिंग क्रीजवर, म्हणजे यष्ट्यांपुढच्या रेषेवर, मधल्या यष्टीच्या रेषेत जुना बूट ठेव. १२ चेंडू नव्या चेंडूने आणि १२ किमान ४० षटकं वापरलेल्या चेंडूने टाक, सगळे यॉर्कर, म्हणजे थेट फलंदाजाच्या पायाशी पडणारे. बुटाला लागलेले किंवा वीतभर अंतरात पडलेले तेवढेच मोज. तू टाकतोस त्या बाजूच्या क्रीजवर चुन्याची रेषा हवीच आणि पाय पुढे पडला तर चेंडू बाद. नेटमध्ये नो-बॉल कोणी देत नाही म्हणून अर्धा फूट पुढून टाकायची सवय लागते. मग सामन्यात रेषेमागून टाकताना टप्पा आखूड पडतो आणि कारण कळत नाही. रन-अप पावलांनी मोजू नकोस, दमल्यावर पाऊल लहान होतं. पिशवीत टेप ठेव. सुरुवातीला २४ पैकी ५-६ लागले तरी निराश होऊ नकोस. दिवाळीपर्यंत १० झाले तर चांगली प्रगती समजू.

आता दुसरी गोष्ट, जिची मला खरी काळजी आहे. पाठ.

उजव्या हाताच्या वेगवान बोलरची पाठ बहुतेक डावीकडेच जाते. कमरेच्या सर्वांत खालच्या एक-दोन मणक्यांना मागच्या बाजूला हाडाचा एक बारीक पूल असतो. पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच-सहापट भार वर येतो आणि नेमक्या त्याच क्षणी तू मागे वाकलेला, डावीकडे झुकलेला आणि वळत असतोस. त्या पुलावर दर चेंडूला हा पीळ पडतो. वाढत्या वयात ते हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. आधी त्याला आतून सूज येते, मग तडा जातो.

फसवं असतं ते त्याचं दुखणं. स्नायू आखडल्यासारखं वाटतं. दोन दिवस आराम केला की थांबतं, म्हणून सगळे म्हणतात बरं झालं. पुन्हा टाकायला लागलास की तिसऱ्या-चौथ्या षटकात तिथेच येतं. असं दोनदा झालं तर घरी करायची एक तपासणी आहे. डाव्या पायावर उभा राहा, उजवा गुडघा वर घे आणि हळूच मागे वाक. पट्ट्याच्या रेषेत डावीकडे, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी कळ आली तर त्याच दिवशी बोलिंग बंद आणि मला फोन. स्प्रे नाही, पेनकिलर नाही, ‘फक्त हा सामना’ नाही. साध्या एक्स-रेमध्ये हे सुरुवातीला दिसत नाही, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि पोरं परत मैदानावर जातात. एमआरआय लागतो. सूज असतानाच सापडलं तर थोडक्यात निभावतं. तडा गेल्यावर तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. दुर्लक्ष केलं तर मात्र हाड जुळतच नाही.

न्यूझीलंडच्या शेन बाँडचं नाव तू ऐकलं आहेस. २२ च्या सरासरीने ८७ बळी, पण कसोट्या फक्त १८. पाठीला पुन्हा पुन्हा तडे गेले, शेवटी मणक्यात टायटॅनियम बसवावं लागलं. आपला मुनाफ पटेल २००६ मध्ये मोहालीला पदार्पणात ७ बळी घेऊन आला, तेव्हा काय वेग होता त्याचा! दुखापतींनी तो वेग गेला. पुढे अचूकतेवर टिकला, २०११ चा विश्वचषकही जिंकला, पण कसोट्या १३ च झाल्या. याउलट ऑस्ट्रेलियाचा वेगवान बोलर पॅट कमिन्स पाहा. १८ व्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, ७ बळी घेतले, मग पाठ गेली. दुसरी कसोटी मार्च २०१७ मध्ये, रांचीला. मधली पाच वर्षं लोकांनी त्याला संपलेल्यांत धरलं होतं. त्याची पाठही तुझ्यासारखीच वाढत्या वयातली होती. तिला वेळ मिळाला, हाच फरक.

पाठ वाचवायला दोन गोष्टी लागतात. एक, ॲक्शन, म्हणजे चेंडू टाकण्याची पद्धत. मित्राला तुझ्या मागे यष्टीच्या रेषेत मोबाईल धरायला सांग आणि स्लो मोशनमध्ये शूट कर. पहिल्या षटकातला एक चेंडू आणि सहाव्यातला एक. मागचा पाय टेकतो तिथे चित्र थांबव. पाऊल आणि कंबर फलंदाजाकडे तोंड करून आणि खांदे मात्र आडवे, असं दिसलं तर ती मिश्र ॲक्शन. पाठीला सर्वांत घातक तीच, कारण वरचं धड एका दिशेला आणि खालचं दुसऱ्या. दोन्ही समोर चालतील, दोन्ही आडवे चालतील. मग पुढचा पाय पडतो ते चित्र बघ. सहाव्या षटकात डोकं पहिल्यापेक्षा डावीकडे जास्त ढळलं असेल तर समज की पोटाच्या बाजूचे स्नायू दमले. त्यावर साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर शरीर ताठ उचलून धरायचं), दोन्ही बाजूंनी ३० सेकंद, तीन वेळा, आठवड्यातून चार दिवस. कंटाळवाणं आहे, पण कर. ॲक्शन मात्र स्वतःच्या मनाने बदलू नकोस, व्हिडिओ सरांना दाखव.

दोन, मोजणी. सोबत दोनशे पानी वही पाठवतोय. रोजची एक ओळ: तारीख, नेट की सामना, जमीन कसली (माती, मॅट की सिमेंट), पूर्ण वेगाचे चेंडू, कमरेचं दुखणं ० ते १० मध्ये आणि झोपेचे तास. पूर्ण रन-अपने टाकलेला प्रत्येक चेंडू मोजायचा, सामन्याआधी गरम होताना टाकलेलेही. पोरं फक्त सामन्यातली षटकं मोजतात. पाठ मात्र नेटमधलेही चेंडू मोजत असते. सिमेंटवर मॅट टाकलेली असेल तिथे पूर्ण वेगाने टाकूच नकोस.

दर रविवारी मागच्या चार आठवड्यांची सरासरी काढ. येणारा आठवडा तिच्या दीडपटीच्या आत राहिला पाहिजे. दीडपट ही काही दगडावरची रेघ नाही, पण त्यापलीकडे धोका वाढतो हे धरून चाल. पावसाळ्यात आपल्याकडे मैदानं चिखलात असतात, कृष्णेला पाणी आलं की काही दिवस सगळंच बंद. तुझे गेले चार आठवडे ३०, ४०, ५०, ४० चेंडूंचे गेले. सरासरी ४०. ऑक्टोबरच्या शेवटी स्पर्धा लागेल, तेव्हा दोन सामन्यांत दहा-दहा षटकं म्हणजे १२० आणि नेटचे ६०, असे आठवड्याला १८० चेंडू. ४० वरून थेट १८०, साडेचारपट. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या स्पर्धेत आणि परीक्षेनंतरच्या मेमध्ये एवढ्या पोरांच्या पाठी जातात, त्या अशा.

अजून नऊ आठवडे आहेत. या आठवड्यात ६०, तीन दिवसांत २०-२०. पुढे दर आठवड्याला १० वाढव. नवव्या आठवड्यात १४० वर येशील, शेवटच्या चारांची सरासरी १२५ होईल, तिची दीडपट १८७. मग १८० झेपतील. मध्ये ताप आला, आठवडा बुडाला, तर बुडालेले चेंडू पुढच्या आठवड्यात भरून काढायचे नाहीत. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची तुझ्या वयाच्या वेगवान बोलरसाठी मर्यादा आहे: एका स्पेलला (सलग टाकायच्या हप्त्याला) ७ षटकं, दिवसाला १८, आठवड्यात जास्तीत जास्त चार दिवस आणि सलग दोनच. तीच आपण पाळू.

कप्तान म्हणेल, अजून दोन टाक, विकेट पडतेय. तेव्हा नाही म्हणणं अवघड असतं, मला कळतं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, ते आपण अभिमानाने सांगतो. पण तिथे जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लापुढे उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, तो सांगायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. खाशाबांसारखा मल्ल स्वतः थोडाच ‘दमलो’ म्हणणार! तुझ्याही बाजूने मैदानावर बोलायला मी नसेन. वही सरांकडे नेऊन दाखव, हा आठवड्याचा आकडा, ही मर्यादा. पोरगं चुकवतंय असं वहीकडे बघून कोणी म्हणत नाही.

खोकला झाला तर मित्राकडचं कफ सिरप घेऊ नकोस. क्रिकेटपटू पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली, ती सिरपमधल्या टर्ब्युटालिन या खेळाडूंना मनाई असलेल्या औषधामुळे. डॉक्टरांना आधीच सांग की मी खेळाडू आहे आणि औषधाचं नाव मला पाठव.

मेसचं जेवण तू सांगितलंस. तुझं वजन ६४ किलो, दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रथिनं लागतात. चार अंडी म्हणजे २४, दोन मोठे ग्लास दूध १६, शंभर ग्रॅम शेंगदाणे २५. उरलेलं डाळ, उसळ, दही आणि भाकरीतून निघेल, चिकन असेल त्या दिवशी प्रश्नच नाही. आईने शेंगदाण्याचे लाडू आणि तासगावचे बेदाणे दिले आहेत, ते सगळ्या खोलीत वाटून एका दिवसात संपवू नकोस.

वही, टेप आणि डबा मंगळवारच्या गाडीने येतील. बुधवारी रात्री पहिल्या पानाचा फोटो पाठव. कमरेचा रकाना रिकामा ठेवू नकोस, दुखत नसेल तर शून्य लिही.

तुझा,
बाबा