‘उचलून नेऊ ना, काळजी कशाला!’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १८ मेला जागतिक संग्रहालय दिन आला की ‘मुलाबाळांसह संग्रहालयं पाहायला या’ अशी आवाहनं वर्तमानपत्रांतून वाचायला मिळतात. ती वाचून गेल्या वर्षी मीही गेले. आपल्याच राज्यातल्या एका विद्यापीठाचं संग्रहालय आणि वरच्या मजल्यावर त्यांचं कलादालन. नाव लिहीत नाही, कारण नाव वाचून बाकीचे ‘आपण नाही त्यातले’ म्हणून मोकळे होतील.

मी निवृत्त शिक्षिका. लहानपणीच पोलिओ झाला. पन्नाशीपर्यंत कॅलिपर लावून चालले, आता व्हीलचेअर. सातवाहनांचा धडा अठ्ठावीस वर्षं शिकवला. त्यांच्या नाण्यावरचा हत्ती आणि मागच्या बाजूचं ते चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह फळ्यावर किती वेळा काढलं असेल, देव जाणे. प्रत्यक्ष नाणं मात्र कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यासाठी भाचीला घेऊन निघाले. आदल्या दिवशी फोन करून नीट विचारलं होतं. ‘सगळी सोय आहे, या तुम्ही,’ असं उत्तर मिळालं.

दाराशी सहा पायऱ्या. रॅम्प होता, इमारतीच्या मागे. त्यावर एक मोटारसायकल आणि दोन कुंड्या. ते सगळं हलवलं असतं तरी उपयोग नव्हता. सरकारी नियमावलीत रॅम्पचा उतार एकास बारा सांगितला आहे. म्हणजे अर्ध्या अर्ध्या फुटाच्या सहा पायऱ्यांची तीन फूट उंची चढायला छत्तीस फूट लांबी हवी. इथे जेमतेम दहा-बारा फुटांची घसरगुंडी होती. त्याच विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतात, हे जाता जाता.

‘उचलून नेऊ ना मावशी, काळजी कशाला!’ म्हणत सुरक्षारक्षक आणि दोन विद्यार्थी धावले. माणसं चांगली होती, त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण व्हीलचेअर हात टेकायच्या दांड्यांना धरून उचलायची नसते. त्या पुष्कळदा काढता-घालता येणाऱ्या असतात. तिसऱ्या पायरीवर उजवी दांडी निसटून त्या मुलाच्या हातात आली आणि मी कलंडले. भाचीनं मागून सावरलं म्हणून निभावलं. उचलणाऱ्याला वाटतं आपण मदत केली, आणि ते खरंही असतं. उचलल्या जाणाऱ्याला त्या सहा पायऱ्यांवर काय वाटतं, ते कुणी विचारत नाही.

आत नाणी होती, पण आडव्या काचपेटीत आणि उभ्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर. खुर्चीतून मला दिसली ती पेटीची लाकडी कड आणि काचेत पडलेली ट्यूबलाइट. भाचीनं मोबाइलवर फोटो काढून दाखवायचं म्हटलं, तर ‘फोटो काढायला मनाई आहे’. नियम म्हणजे नियम. शेवटी ती पेटीवर वाकून मला तोंडी वर्णन सांगत राहिली. तेही अर्धवट, कारण तिला शिकवताना मी हत्तीवरच अडकले असणार.

कलादालन वर. लिफ्ट शेजारच्या इमारतीत आहे, तिथून जोडपूल आहे, पण किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. मी खाली बसून राहिले. व्हीलचेअरवाल्यांसाठीच्या स्वच्छतागृहात शिडी आणि झाडू होते. त्याची मला झळ लागली नाही. बाहेर जायचं असलं की आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. नियम १५ जून २०१७ ला आले. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ मध्ये संपली. त्याच कायद्याचं २९वं कलम कला दिव्यांगांच्या आवाक्यात आणायला सांगतं. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तर सांगितलं की नुसत्या शिफारसवजा मार्गदर्शक सूचना चालणार नाहीत, सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक हवेत. शिफारस म्हणजे काय होतं, ते मी त्या मोटारसायकलीवरून शिकले.

इमारत जुनी, वारसा यादीतली, तोडफोड करता येत नाही, हे मला कळतं. परदेशाचे दाखले द्यायची हौसही नाही. तरी ऑक्सफर्ड विद्यापीठाचं ॲश्मोलियन संग्रहालय १६८३ मध्ये लोकांसाठी उघडलं आणि आज तिथे प्रत्येक मजल्यावर लिफ्टनं जाता येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ नावाचं दालन आहे, तिथे दृष्टिहीनांना प्रतिकृती हातानं चाचपून पाहता येतात. पण माझं मागणं त्याहून फार कमी आहे. खरं सांगा. पायऱ्या किती, दार किती रुंद, लिफ्टची किल्ली कुणाकडे, स्वच्छतागृह वापरात आहे का, हे एका कागदावर लिहून फोन उचलणाऱ्यासमोर चिकटवा. ‘सहा पायऱ्या आहेत, कलादालन दिसणार नाही’ असं मला आदल्या दिवशी कळलं असतं, तर मी विचार करून ठरवलं असतं. कदाचित गेलेही असते, पण सोबत चौघांना घेऊन आणि खुर्ची कुठे धरायची ते आधी शिकवून. काचपेटी खाली आणता येत नसेल तर नाण्यांचे मोठे फोटो एका फाइलीत लावून दारात ठेवा, किंवा आमच्यासारख्यांपुरती मोबाइलची मनाई उठवा. याला कुठल्या निधीची वाट पाहायची?

भाचीनं मोजमापं लिहून विद्यापीठाला ईमेल केली आहे. येत्या १८ मेला आम्ही पुन्हा जाणार आहोत. तोवर निदान मोटारसायकल दुसरीकडे लावावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा